वीस ठोके

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऑफिसला गेलो. संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. त्याच्या बाइंडिंगच्या कारखान्यातला कॉम्प्युटर गेला. दुरुस्तीवाल्याने नवा बसवला, पण कटिंग मशीन त्याला ओळखत नाही. "ताईने केलेलं ते काहीतरी टाकावं लागेल म्हणतोय. भावजी, तुमच्याकडे असेल ना?" असेल म्हणालो.

ते 'काहीतरी' म्हणजे ड्रायव्हर. कर्नल हा कॉम्प्युटरच्या पोटातला मुख्य भाग, त्याच्या परवानगीशिवाय काही हलत नाही. ड्रायव्हर हा मशीन आणि कर्नल यांच्यामधला दुभाषा. तो बायकोने लिहिला होता. तिचा लॅपटॉप कपाटातून काढला आणि चार्जिंगला लावला. ती गेल्यापासून उघडला नव्हता. पासवर्ड मला माहीत होता.

कशावरही काम सुरू केलं की रोज काय केलं ते लिहून ठेवायचं, अशी तिची शिस्त होती. मी कधी पाळली नाही. या वेळी पाळून बघतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ड्रायव्हरचं फोल्डर लगेच मिळालं. तिच्याकडे सगळं जागच्या जागी असायचं. लॅपटॉपवर नव्या कॉम्प्युटरचाच कर्नल घातला आणि बिल्ड करून पाहिलं, म्हणजे तिने लिहिलेलं कॉम्प्युटरला कळेल अशा रूपात आणायचा प्रयत्न केला. पहिल्याच फटक्यात थांबलं. एक फाइल सापडत नाही, असं कॉम्प्युटर म्हणाला. नव्या कर्नलमध्ये ती दुसऱ्या ठिकाणी हलवली आहे.

माझं काम ऑफिसातल्या नोंदणीच्या प्रोग्रॅमचं. फॉर्म भरा, जमा करा, छापा. कर्नलला मी जन्मात हात लावला नव्हता. ती म्हणायची, "तुझं काम दिवाणखान्यातलं, माझं तळघरातलं." आता तळघरात उतरायचं म्हणजे आधी दिवा कुठे आहे ते शोधावं लागणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

फाइलचा पत्ता बदलला. एक चूक गेली आणि तिच्याऐवजी पडदाभर चुका आल्या. आगीतून फुफाट्यात.

तिचा नियम मला पाठ आहे. "पहिली चूक आधी बघ. खालच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात." तरी मी खालून सुरुवात केली. खालच्या सोप्या वाटल्या. एका फंक्शनचं नाव बदललं आहे. दुसऱ्याला पूर्वी दोन गोष्टी द्यायच्या, आता एकच द्यायची. इंटरनेटवर याची उत्तरं भरपूर आहेत. दोन चुका काढल्या.

कपडे हातानेच धुतले. वाळत घातले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

खालच्या सगळ्या चुका गेल्या. सर्वांत वरची राहिली. ती कुणाचं पिल्लू नव्हती, आणि चूकही नव्हती.

ड्रायव्हर लिहिणारा माणूस मुद्दाम एक ओळ घालून ठेवू शकतो. अमुक परिस्थिती आली तर बिल्ड तिथेच थांबतं आणि त्याने लिहिलेलं वाक्य पडद्यावर येतं. तिने ते रोमन अक्षरांत मराठीत लिहिलं होतं.

थांब. आधी मला विचार.

कुणासाठी लिहिलं ते कळत नाही. मेहुण्याला बिल्ड म्हणजे काय ते माहीत नाही. दुरुस्तीवाल्याला ती अहो-जाहो करायची. स्वतःसाठीच लिहिलं असेल. प्रोग्रॅमर लोक असं करतात.

घरात हे वाक्य रोजचं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तिचा पांढरा कुडता नव्या निळ्या टॉवेलबरोबर वॉशिंग मशीनमध्ये टाकला होता. तेव्हापासून मी त्या मशीनच्या जवळ जरी गेलो, तरी ती आतल्या खोलीतून म्हणायची, थांब, आधी मला विचार. मिक्सर, गिझर, तिच्या टेबलावरच्या वायरी, सगळ्याला हेच.

वाक्याच्या वरच्या ओळीत कोणती परिस्थिती ते लिहिलेलं असणार. ते वाचलं नाही. लॅपटॉप बंद केला. डोळे दुखत होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

कारखान्यात गेलो. खाली कारखाना आणि वर सासूबाई, मेहुणा राहतात. दारातच सासूबाई म्हणाल्या, "वाळलात." मी म्हटलं, तेवढंच वजन आहे. "मग शर्ट मोठा झाला असेल," म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

कापायच्या कागदांचे गठ्ठे जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले आहेत. मशीन जुनं, पायाच्या पट्टीवर चालणारं. पट्टी दाबली की माणसाच्या दंडाएवढं रुंद पातं खाली येतं. ते पूर्वी मध्ये काही आलं तरी थांबायचं नाही. तिने पात्याच्या पुढे डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांचा पडदा बसवला. हात आत गेला की पडदा तुटतो आणि ड्रायव्हर पात्याला ब्रेक लावतो. ड्रायव्हर चालू नसेल तर पातं हलतच नाही, हेही तिनेच केलेलं. म्हणून आठवडाभर सगळं बंद.

मशीन चालवणाऱ्याला सगळे धारमास्तर म्हणतात. सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. मला म्हणाला, "या जावईबापू. आठ दिवस हातावर हात धरून बसलोय. दोन्ही हात आहेत म्हणून धरता तरी येतात."

नव्या कॉम्प्युटरवर फोल्डर उतरवलं आणि बिल्ड केलं. माझ्या दुरुस्त्या चालल्या. शेवटी तिची एक ओळ आली. मेहुणा आणि दुरुस्तीवाला मागे उभे होते.

मेहुण्याने वाचलं.

मग दुरुस्तीवाला म्हणाला, "एवढंच ना? ही ओळ काढली की झालं. हा काही खरा एरर नाही."

"मग काढा ना, भावजी," मेहुणा म्हणाला.

"तिने थांब म्हटलंय."

"अहो, तिला आता..." मग तो दुसऱ्या बाजूने आला. "गिऱ्हाईक रोज फोन करतंय. शाळा उघडायच्या आत पुस्तकं गेली नाहीत तर ते दुसरीकडे जातील, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. माहितीये ना तुम्हाला?"

मला दोन-तीन दिवस दे म्हणालो. त्याने मान हलवली, हो आणि नाहीच्या मधली. फोल्डर तिथेच ठेवून आलो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वरची ओळ वाचली.

कर्नलला नाडी असते. सेकंदाला ठरलेले ठोके पडतात आणि त्यावर आतली बरीच कामं चालतात. किती ठोके हे कर्नल तयार करणारा ठरवतो. तिने लिहिलं आहे, सेकंदाला हजार ठोके नसतील तर थांब.

जुन्या कॉम्प्युटरवर हजार होते. नव्यावर अडीचशे आहेत. नाडी चौपट मंद.

यात थांबण्यासारखं काय आहे ते मात्र कळलं नाही. मंद तर मंद. ड्रायव्हरमध्ये बऱ्याच फाइली आहेत, सगळ्या वाचायला हव्यात. ती असती तर एका वाक्यात सांगितलं असतं आणि वर म्हणाली असती, एवढं पण कळत नाही?

मेहुण्याचा फोन आला नाही. बरं वाटलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आजचं नीट लिहितो.

सकाळी ऑफिसात काम कमी होतं म्हणून तिच्या फाइलींची छापील पानं घेऊन बसलो. शेवटून दुसऱ्या फाइलमध्ये वीस हा आकडा सापडला. कागद कापताना बारीक भुसा उडतो. भुशाचा कण किरणासमोरून गेला तरी पडदा तुटल्यासारखा दिसतो, आणि दर वेळी पातं थांबलं तर काम व्हायचं नाही. म्हणून तिने ठरवलं होतं की पडदा सलग वीस ठोके तुटलेला असेल तरच तो हात समजायचा. कण वीस ठोक्यांच्या आत निघून जातो. हात जात नाही.

हजारातले वीस ठोके म्हणजे पापणी लवायच्याही आत. अडीचशेतले वीस म्हणजे त्याच्या चौपट वेळ. तेवढ्या वेळात पातं खाली येतच राहणार.

मेहुण्याला फोन लावला. "त्या ओळीचं कारण सापडलं," एवढं म्हणालो आणि त्याच्या मागे आवाज ऐकू आला. पट्टीचा खटका आणि मग पात्याचा. तो आवाज मी ओळखतो.

"मशीन चालू आहे?"

"कालपासून. तुम्हाला सांगणारच होतो. दुरुस्तीवाल्याने ती ओळ बंद केली. मस्त चालतंय. पडद्यात पुठ्ठा घालून पाहिला, पातं लगेच थांबतं."

"बंद कर."

"अहो पण..."

"बंद कर. धारमास्तरला बाजूला घे. मी येतोय."

साहेबांना न सांगता निघालो. असं कधी केलं नव्हतं. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की छापील पानं हातातच आहेत.

पोचलो तेव्हा मशीन चालूच होतं. मेहुणा दारात आडवा आला. "एवढा गठ्ठा संपू दे म्हटलं. भावजी, काय झालंय काय?"

धारमास्तर कामात होता. मी त्याला पूर्वीही काम करताना पाहिलं आहे. सासऱ्यांच्या वेळी पट्टी दाबली की दोन्ही हात पाठीमागे बांधायचा. आता एका हाताने गठ्ठा सरकवतो, पट्टी दाबतो, आणि पातं खाली येत असतानाच दुसऱ्या हाताने पुढचा कातरकचरा झाडतो. तिने पडदा बसवल्यावर त्याला ही सवय लागली. तिला आवडायची नाही. तो म्हणायचा, "पोरी, तू आहेस ना बघायला!"

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. सगळं थांबलं. माझ्याकडे सगळे वेड्यासारखे पाहायला लागले.

समजावत बसलो नाही. मला ते जमत नाही. कोऱ्या कागदाची बोटाएवढी जाड, घट्ट सुरळी केली, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि एका लांब काठीला बांधली. धारमास्तरला म्हटलं, मशीन चालू करा, पट्टी दाबा, हात मागे ठेवा. पातं वर असताना नाही, अर्ध्याच्या खाली आल्यावर मी सुरळी आत घातली, तो झाडतो तशीच.

पातं थांबलं. पण सुरळीचा पुढचा तुकडा पलीकडे पडला होता. चिरलेली कड अगदी स्वच्छ होती.

"परत करा," मेहुणा म्हणाला. परत केलं. परत तुकडा पडला.

मशीनशेजारी उभा असलेला दुरुस्तीवाला म्हणाला, "पण पुठ्ठ्याला तर थांबत होतं."

"पुठ्ठा पातं वर असताना घातला होता का?"

"हो."

धारमास्तरने तो तुकडा उचलला आणि आपल्या करंगळीशेजारी धरून पाहिला. लांबी जवळपास तेवढीच होती. "हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला आणि हसला. बाकी कुणी हसलं नाही. मग गठ्ठ्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. कालपासून त्याने किती गठ्ठे कापले ते मी विचारलं नाही.

मेहुणा मला म्हणाला, "तुम्ही आधी का नाही बोललात?"

मला आत्ताच कळलं, असं सांगितलं. ते खरं आहे. मंगळवारी नाडीचं कळलं होतं हेही खरं आहे. तेव्हा फोन करून एवढं तरी म्हणता आलं असतं. त्याचा फोन आला नाही याचं मला बरं वाटलं होतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. कुठे गेला होता? नातेवाइकाकडे अडचण होती. यापुढे सांगून जात जा. ठीक.

दुरुस्तीवाल्याचा फोन. आवाज नरम होता. म्हणाला, साधा उपाय आहे, वीस ठोक्यांऐवजी थेट वेळ लिहायची. सेकंदाचा अमुक भाग. कर्नलची नाडी कितीही असो, तो हिशोब करून घेतो. मग ती वरची ओळ लागणारच नाही, काढून टाकता येईल.

त्याचं बरोबर आहे. सगळीकडे असंच लिहितात.

दुसरा रस्ता म्हणजे नव्या कॉम्प्युटरचा कर्नलच हजार ठोक्यांचा करून पुन्हा बांधायचा. मग ड्रायव्हरमध्ये काहीच बदलायला नको. ते मी त्याला सांगितलं.

"एका ओळीसाठी अख्खा कर्नल? साहेब, मुंगी मारायला तोफ झाली ही."

मी म्हटलं, मंद नाडीवर वेळ मोजला तर एखाद्या ठोक्याचा फरक पडतो, आणि तो ठोका चौपट लांब असतो. तिने जे तपासलं होतं ते हजारावर तपासलं होतं. तेच राहू दे.

हे कारण खोटं नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, फरक इतका कमी आहे की सुरळीवर कदाचित दिसणारही नाही. तरीही कर्नलच बांधायचा असं ठरवलं. सुरक्षिततेच्या बाबतीत विषाची परीक्षा नको.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळीच कारखान्यात. कर्नलच्या यादीत नाडीचं कलम शोधून हजार केलं आणि बिल्ड लावलं. हजारो फाइली. पडद्यावर नावं सरकत राहतात, आपल्याला करण्यासारखं काही नसतं.

सासूबाई खाली येऊन शेजारी बसल्या. हातात घडी घालून शिवायची पानं होती. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हे काय पळतंय?"

"काम चाललंय त्याचं."

"आणि तुमचं?"

"माझं बघायचं."

"ती पण असंच बघत बसायची. मी म्हणायचे, नुसती बसलीस काय, घड्या घाल. मग घालायची." पानांचा अर्धा ढीग त्यांनी माझ्याकडे सरकवला. घड्या घातल्या. माझ्या वाकड्या येत होत्या. त्या न बोलता पुन्हा सरळ करत होत्या. ढीग संपत आल्यावर म्हणाल्या, "लहानपणी कुणी तिला न विचारता तिच्या वस्तूला हात लावला की घर डोक्यावर घ्यायची. तुमच्यावर ओरडायची का?"

"कधीकधी."

"म्हणजे रोज," त्या म्हणाल्या.

जेवण झालं तरी बिल्ड चालूच होतं. दुपार कलल्यावर संपलं. नवा कर्नल घालून कॉम्प्युटर बंद-चालू केला. मग ड्रायव्हरची फाइल उघडली. दुरुस्तीवाल्याने तिच्या ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा टाकल्या होत्या, म्हणजे ती ओळ असून नसल्यासारखी होती. मी रेघा खोडल्या. ओळ होती तशी झाली.

बिल्ड केलं. थांबलं नाही. एकही वाक्य आलं नाही.

मला वाक्य येईल असं का वाटत होतं माहीत नाही. हजार ठोके असताना ते यायचंच नव्हतं.

सुरळी करून पाहिली. मेहुण्याने स्वतःच्या हाताने काठी धरली, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या उंचीवरून. दर वेळी पातं सुरळीच्या वरच थांबलं. एकदाच टेकलं, तेव्हा कागदावर नखाने ओढल्यासारखी रेघ उठली. कापलं नाही.

धारमास्तर मशीनवर बसला. पहिला गठ्ठा सरकवला, पट्टी दाबली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले, सासऱ्यांच्या वेळी बांधायचा तसे.

"मास्तर, आता पडदा चालतोय," मेहुणा म्हणाला.

"चालू दे की. तो त्याचं काम करेल, मी माझं. कचरा नंतर झाडता येतो."

मेहुणा मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. काही बोलायचं होतं त्याला. शेवटी म्हणाला, "ती ओळ ठेवलीत का काढलीत?"

"आहे."

"राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या वेळी कॉम्प्युटर बदलला तर तुम्हालाच विचारेन."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल काही लिहिण्यासारखं झालं नाही. मशीन नीट चाललं आहे. जिन्याच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या.

ऑफिसमधून आलो. लॅपटॉप कपाटात परत ठेवणार होतो, ठेवला नाही. टेबलावर आहे. हे लिहायचं कामही आता संपलं, तेव्हा आजचं शेवटचं.

आठवड्याचे कपडे साठले होते. बादली काढली, मग परत ठेवली. वॉशिंग मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणत्या कपड्याला किती पाणी, कोणतं बटण, ते छापलेलं आहे. इतक्या वर्षांत मी ते वाचलं नव्हतं. पांढरे वेगळे काढले, रंगीत वेगळे. पांढरे आत टाकले, पावडर घातली, झाकण लावलं. बटणावर बोट ठेवून थोडा थांबलो.

मग दाबलं.